शेखाडी ते बधवार पार्क: किनाऱ्यावरची राखण

१९९३च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. ते अडवायची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या कस्टम्स आणि पोलीस खात्यांतल्या काहींनीच पैसे खाऊन डोळेझाक केली. पुढे टाडा न्यायालयात ते दोषी ठरले. १२ मार्चच्या साखळी स्फोटांत मुंबईत २५७ जीव गेले.

केंद्र सरकारनं लगोलग ‘ऑपरेशन स्वान’ सुरू केलं. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यांवर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची एकत्र गस्त बसली. २००५मध्ये किनारा सुरक्षा योजना आली, सागरी पोलीस ठाण्यांना मंजुरी मिळाली. एवढं होऊनही २००८च्या नोव्हेंबरात कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ हा भारतीय मच्छीमार ट्रॉलर बळकावला आणि मुंबई गाठली. बधवार पार्कजवळ ते उतरले तेव्हा त्यांना हटकलं ते कोळ्यांनी. हल्ला रात्री सुरू झाला आणि एनएसजीचे कमांडो दिल्लीहून पोहोचेपर्यंत सकाळ झाली. १६६ माणसं गेली.

मग मात्र दिल्ली हलली. महिनाभरात संसदेनं एनआयएचा कायदा केला, यूएपीए कडक केला. २००९मध्ये एनएसजीची केंद्रं मुंबईसह चार शहरांत उभी राहिली, सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे गेली, मच्छीमारांना ओळखपत्रं देणं सुरू झालं. बैल गेला नि झोपा केला, असं कुणी म्हणेल. पण त्यानंतर समुद्रमार्गे तसा हल्ला मुंबईवर झालेला नाही, हेही खरं.

तपासाची बाजू मात्र लंगडीच राहिली. ११ जुलै २००६ला लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. खालच्या न्यायालयानं दोषी ठरवलेल्या सगळ्या बाराही जणांना जुलै २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल टिकला, तर एकोणीस वर्षं भलत्यांनाच कोंडून ठेवलं आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले, असा त्याचा अर्थ होईल.

बोटी, बंदुका आणि कायदे सरकारनं वाढवले, आणि ते आवश्यकच होतं. पण लाच न खाणारा शिपाई आणि कोर्टात टिकणारा पुरावा यांच्याविना नागरिकाचं संरक्षण अपुरंच राहतं. १९९३चा धडा हाच होता. तो अजून अर्धाच गिरवला आहे.