पंखावरचं प्रश्नचिन्ह

पतंगाच्या पंखावर अक्षर पाहिलंय कधी? २०१६ साली पॅरिसजवळ युरो फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता. दुखापत झालेला रोनाल्डो मैदानातच बसला, तर एक पतंग थेट त्याच्या चेहऱ्यावर! तो होता ‘गॅमा’ पतंग. त्याच्या पंखांवर गॅमा हे ग्रीक अक्षर चंदेरी रंगात असतं. हा भलताच फिरस्ता, युरोपभर दिसतो.

त्याचा एक चुलतभाऊ मात्र सहसा दिसत नाही. आल्प्स पर्वतातल्या सूचिपर्णी जंगलांत तो राहतो. लिनियसने १७५८ साली त्याला ‘इंटरोगेशनिस’ म्हटलं, कारण पंखावर चक्क प्रश्नचिन्ह!

पण केवळ चिन्हावर विसंबाल तर फसाल. कधी ते तुटून त्याचे दोन ठिपके होतात, कधी गॅमासारखंच दिसतं. मग “हा तर नेहमीचाच” म्हणून हातातला खरा पाहुणा निसटतो! म्हणून रंग बघा. गॅमा तपकिरी असतो. हा राखेत कोळसा कालवल्यासारखा करडा-काळा. आणि आसपास बिलबेरीची झुडपं आहेत का, तेही बघा. त्याच्या अळ्या त्यांची पानं खातात.

दोघांचं कूळ नॉक्ट्युइडी. या नावाच्या मुळाशी लॅटिनमधलं घुबड आहे. आपल्याकडे सोयाबीनवर पाठीची कमान करत चालणारी हिरवी उंटअळी असते ना, तीही याच कुळातली. पुढे तिचा पतंग होतो तेव्हा त्याच्याही पंखांवर चंदेरी खुणा असतात. त्यांत कुठलं अक्षर दिसतं, ते तुम्हीच बघा.