वनस्पती आणि हृदय (भाग ६) : सर्पगंधेचं मूळ

अर्जुनसाल हृदयाला बळ देते, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण दिल्लीच्या एम्समध्ये हृदय दुबळं झालेल्या १०० रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली, तेव्हा डाव्या कप्प्याची रक्त ढकलण्याची ताकद काही वाढली नाही, हे मागच्या भागात पाहिलं. आजची वनस्पती हृदयाला बळ वगैरे देत नाही. ती त्याच्यावरचा भार उतरवते, आणि मला वाटतं हृदय वाचवण्याचा खरा मार्ग तोच आहे.

रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत जाड होते, मग ताठर होते आणि शेवटी कप्पा सैलावून थकतो. हे थांबवायला १९४५ साली जवळपास काहीच औषध नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट त्या एप्रिलमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला होता. त्यांच्या दिमतीला उत्तम डॉक्टर होते, पण हातात देण्याजोगी गोळी नव्हती.

आणि त्याआधी १४ वर्षं, १९३१ मध्ये, कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, असं छापून ठेवलं होतं! भारताबाहेर त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना ही मुळी देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. मग चक्रं भराभर फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनचं काम मोठं नेमकं आहे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनालिन लहान लहान पिशव्यांत साठवलेलं असतं. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप तेच पोचवतं. रेसर्पिन या पिशव्यांत माल भरूच देत नाही. कोठार रिकामं झालं की निरोप क्षीण होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी संथ होते.

पण आकडा खाली आला म्हणून माणूस वाचतो का? याचं उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिलं. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना रेसर्पिन आणि सोबत दोन औषधं मिळाली, ७० जणांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. दिखाऊ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, चौघे दगावले. औषधाच्या गटात गंभीर गुंतागुंत दोघांना, मृत्यू एकही नाही. श्रेय तिन्ही औषधांचं मिळून आहे हे खरं, पण रक्तदाब उतरवला की जीव वाचतात, हा पुरावा उभा करण्यात आपल्या रानातल्या मुळीचा वाटा आहे. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पुढे रेसर्पिन मागे पडलं. मेंदूतलीही कोठारं ते रिकामी करतं. मोठ्या मात्रेत काही रुग्णांना खोल उदासीनतेने घेरलं. नाक चोंदणं, सुस्ती हे तर नेहमीचंच. झाडावरही संकट आलं. गुडघाभर उंचीचं हे झुडूप, एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पानं, तांबूस देठांवर पांढरी फुलं. औषध मात्र मुळात, म्हणजे मूळ खणलं की झाड गेलं. आज त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

सर्पगंधेचं चूर्ण अजूनही दुकानांत मिळतं. प्रत्येक मुळात रेसर्पिन सारखं नसतं, त्यामुळे चिमटीत नक्की किती मात्रा आली, हे सांगता येत नाही. बीपीच्या किंवा उदासीनतेच्या गोळ्या चालू असतील तर ते स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि घेत असाल तर डॉक्टरांना आजच सांगा. बीपीच्या गोळ्यांच्या जोडीने नाडी आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात, आणि उदासीनता असेल तर ती आणखी वाढू शकते.

पुढच्या आठवड्यात : डिजिटॅलिस, जिथे औषध आणि विष यांच्यात अगदी थोडं अंतर आहे.