पडल्याचं कुणी सांगत नाही

‘आजी, कधी पडलात का हो?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘मला काय धाड भरलीय!’ म्हणून सातारा जिल्ह्यातल्या ज्या आशा स्वयंसेविका ताईंबरोबर मी घरोघर फिरले, त्या हा प्रश्न आधी काढतच नाहीत. ‘रात्री लघवीला किती वेळा उठलात?’ इथून त्यांची सुरुवात. मग दिवा लावता का, न्हाणीपर्यंत जाताना कशाला धरता, असं एकेक. बोलता बोलता आजीच सांगून जातात, न्हाणीच्या शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला होता म्हणून. आणि लगेच, ‘पुण्याला पोराला कळवू नकोस हां!’

सगळी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. पडण्यापेक्षा घर सुटण्याची धास्ती मोठी. पोरगा फ्लॅटवर नेऊन ठेवील, या भीतीनं चक्कर, विसरभोळेपणा, सगळं पोटात ठेवलं जातं. ताई म्हणाल्या, ‘नाही कळवत. पण दगड आजच घासून घ्यायचा.’ सुनेला हाक मारून त्यांनी तो समोरच घासून घेतला.

मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांचा धोका ओळखण्यासाठी आशा सरकारी सीबॅक फॉर्म तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घराण्यातले आजार यांना गुण. बेरीज चारच्या वर गेली की तपासणी आधी. साठीपुढच्यांना तोल जातो का, अंघोळी-जेवणाला मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरता का, हेही विचारायचं असतं. पण ‘तंबाखू? छे!’ म्हणणाऱ्या आजीला मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं. भाजलेली तंबाखूच ती, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं.

‘गोळ्या घेता ना?’ असंही ताई विचारत नाहीत. डबाच आणायला लावतात. शेजारच्या आबांच्या बीपीच्या पाकिटात निम्म्या गोळ्या शिल्लक निघाल्या. घेतल्या की उठताना अंधारी येते, म्हणून एक दिवसाआड. ताईंनी त्यांना खाटेच्या कडेला मिनिटभर बसून, पाय हलवून, मग उठायला शिकवलं, दोनदा करून घेतलं. गोळी मनानं सोडायची नाही, हे बजावलं आणि उपकेंद्रात बसून व उभं राहून बीपी मोजून घ्यायला सांगितलं.

आशांना काही मोबदला कामागणिक मिळतो. फॉर्म मोजले जातात, ओट्यावरचा पाऊण तास मोजला जात नाही. तो मोजला पाहिजे, कारण आबांच्या शिल्लक गोळ्या फॉर्ममधल्या कुठल्याही रकान्यातून कळल्या नसत्या.