लोकवाट्याची पन्नास वर्षे

सार्वजनिक जागा सुधारायची तर काही पैसा सरकारने वा देणगीदाराने द्यायचा आणि उरलेला भार गावाने पैशाने किंवा अंगमेहनतीने उचलायचा, ही लोकवाट्याची रीत. शहरात तो पैसा बागेला आणि मैदानाला लागतो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागात मात्र तो मुख्यतः गायरानात, ओढ्यात आणि माळरानावर मुरला.

सुरुवात राळेगणसिद्धीची. लष्करातून निवृत्त होऊन 1975 मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी भविष्य निर्वाह निधीतला पैसा यादवबाबा मंदिराच्या दुरुस्तीला लावला आणि गाव श्रमदानाला उतरले. एकाने आधी खिसा मोकळा केला, म्हणून बाकीच्यांनी हात लावला, हा क्रम महत्त्वाचा. पुढे पाणलोटाच्या कामांना सरकारी योजनांचा पैसा जोडला गेला. त्याच सुमारास आलेल्या रोजगार हमी कायद्यातही (1977 चा, अंमल 1979 पासून) जोडनिधीचेच तत्त्व होते. हमीसाठी जनतेकडून जेवढा कर गोळा होईल, तेवढीच रक्कम राज्याने त्यात घालायची.

राळेगणचा अनुभव पाहून राज्याने 1992 मध्ये आदर्श गाव योजना आणली. काम स्वयंसेवी संस्थेने करायचे, निधी सरकारचा. मात्र गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि नसबंदी पाळायची. इथे अर्धा वाटा शिस्तीचाच होता. हिवरे बाजार 1994 च्या सुमारास या योजनेत आले. पोपटराव पवार तिथे 1989 पासून सरपंच होते. बाहेरची संस्था शोधण्याऐवजी या गावाने स्वतःचीच संस्था उभी केली, त्यामुळे पैशाचा हिशेब ग्रामसभेच्या डोळ्यांसमोर राहिला.

सर्वांत काटेकोर नियम इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे. स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून तो आकाराला आला. जर्मन निधी नाबार्डमार्फत येई, आणि गावांना तयार करण्यासाठी 1993 मध्ये नगरमध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली. निवड होण्याआधीच गावाने काही दिवस श्रमदान करून दाखवायचे, ही अट होती. शिवारात ए-फ्रेम टेकवत, ओळंबा मधोमध आला की खूण करत समपातळी रेषा आखायची, फक्की टाकायची आणि चर खोदायचा, हे काम गावकरी स्वतः शिकले. अकुशल मजुरीचा सुमारे 16 टक्के भाग गावाचा असे. भूमिहीन आणि एकल पालकांच्या कुटुंबांना त्यातून सूट होती.

ही सूट सर्वत्र पाळली गेली असती तर बरे झाले असते. इतर अनेक पाणलोट योजनांत 'लोकवाटा' म्हणजे मजुराच्या हजेरीतून केलेली कपात ठरली. फायदा बांधावरच्या जमीनमालकाचा, वर्गणी मात्र रोजंदारीवाल्याची. चराईबंदीचेही तसेच. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 ते 2001 या काळात काम झाले. माळ एकदम बंद झाला तर मेंढरे कुठे न्यायची, हा मेंढपाळांचा प्रश्न होता. त्यांनी विरोध केला, तेव्हा बंदी टप्प्याटप्प्याने लागू करावी लागली. मेंढपाळाचा बुडालेला चारा हाही वाटाच, पण तो कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

दरम्यान या पद्धतीला देशपातळीवर मान्यता मिळाली. 1999-2000 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाणलोट विकास निधी जाहीर झाला. त्यात केंद्र आणि नाबार्ड यांचे प्रत्येकी 100 कोटी होते. 2017 मध्ये आलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत वाटणी आणखी साधी झाली: गाळ उपसण्याच्या खर्चाला सरकार आणि देणगीदार, वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. श्रमदानाची जागा ट्रॅक्टरच्या भाड्याने घेतली.

या साऱ्यात कच्चा दुवा देखभालीचा. बंधारा बांधायला जोडनिधी मिळतो, गाळ काढायला आणि रोपे जगवायला क्वचितच. म्हणून गावाच्या वाट्यातला काही भाग देखभालीसाठी राखून ठेवण्याची इंडो-जर्मन कार्यक्रमातली पद्धत बाकी सर्व अटींपेक्षा अधिक उपयोगाची ठरली.