टायर घ्या, पण पारखून!

भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो, वांगं उलटसुलट करून पाहतो. मग स्कूटीचा टायर घेतानाच ‘भाऊ, तुम्हाला ठीक वाटेल तो टाका’ असं का म्हणतो?

मैत्रिणींनो, आधी टायरच्या बाजूवरचा आकार (उदा. ९०/१००-१०) लिहून घ्या आणि दोन दुकानांत भाव विचारा. बसवण्याची मजुरी धरून किती, हेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्कूटरच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल मागायला लाजू नका. टायर सदोष निघाला, तर बिलाशिवाय भांडणार कशाच्या जोरावर?

टायरवर चार आकडे एकत्र कोरलेले असतात. ‘१५२५’ म्हणजे २०२५ सालचा पंधरावा आठवडा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर दिसायला नवा असला, तरी त्याचं रबर कडक होतं. मग पावसात ब्रेक दाबला, की गाडी घसरण्याची भीती.

पंक्चर काढताना जवळ उभ्या राहा. ‘ताई, चार निघाली’ म्हटलं, तर ट्यूब पाण्यात बुडवून दाखवायला सांगा. टायर ट्यूबलेस असेल, तर साबणाचं पाणी लावायला सांगा. बुडबुडे येतील तेवढीच पंक्चर!

टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर बदलायचाच. त्याआधी गेलात आणि ‘अजून चालेल, ताई’ म्हणून दुकानदाराने परत पाठवलं, तर ते दुकान सोडू नका.