गाणं रुसतं तेव्हा

तुमच्या कपाटात साड्यांच्या घड्यांखाली एखादी जुनी वही आहे का हो? शंभर पानी, कोपरे दुमडलेली, पहिल्या पानावर माहेरचं नाव लिहिलेली? असेल तर आजचा हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणी लग्नाआधी गाणी रचत असतात. कुणी भोंडल्यासाठी नवं गाणं जुळवते, कुणी मैत्रिणीच्या लग्नात विहिणीची पंगत गाजवते, कुणी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी भावगीत लिहिते. लग्नानंतरही मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं अशा निमित्तांनी ही हौस काही वर्षं टिकते. आणि मग कधीतरी ती थांबते. नेमकी कधी, ते सांगता येत नाही. नळाचं पाणी आधी बारीक होतं आणि आपलं लक्ष नसताना बंद पडतं, तसंच काहीसं होतं.

माझी वही नऊ वर्षं बंद होती. "आपल्याला वेळ कुठं मिळतो?" असं मी सगळ्यांना सांगत असे. स्वतःलाही तेच सांगत असे. पण खरं सांगू? वेळ होता. मुलं मोठी झाली होती, दुपारचे दोन तास माझे स्वतःचे होते. त्या दोन तासांत मी कपाटं आवरली, लोणची घातली, मोबाइलवर दुसऱ्यांची गाणी ऐकली. वही तेवढी उघडली नाही. कधी उघडलीच तर एक ओळ लिहायची, ती खोडायची आणि चहाचं आधण ठेवायला उठायचं.

मग धाकट्या नणंदेच्या मुलीचं बारसं ठरलं. तिचा फोन आला, "वहिनी, पाळणा तुम्हीच करायचा हं. माझ्या लग्नात किती छान गाणं केलं होतंत!" मी हौसेनं हो म्हटलं. आठ दिवस रोज बसले, पण चार ओळी जमेनात. शेवटी छापील पुस्तकातला एक पाळणा घेतला आणि नावाच्या जागी बाळाचं नाव घालून म्हटला. कुणाला काही वाटलं नाही. नणंद एवढंच म्हणाली, "हाही छान आहे." त्या ‘हाही’नं मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

तांदूळ निवडताना

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. ताट हलवता हलवता काहीतरी गुणगुणत होत्या. कान दिला तर जात्यावरच्या ओव्या! आमच्या घरातलं जातं कधीच अंगणात गेलं, त्याच्यावर आता तुळशीची कुंडी आहे. ओव्या मात्र त्यांच्या ओठांवर राहिल्या.

मी विचारलं, "अहो आई, या तुम्हाला कुणी शिकवल्या?"

"शिकवायच्या काय त्यात? काही ऐकलेल्या, काही मीच जोडलेल्या."

"पण सुचायचं कसं?"

त्या हसल्या. "सुचायचं कशाला? माझ्या आईला काही सांगायचं असायचं, ते सांगायचे. पहाटे दळताना दुसरं कोण होतं ऐकायला?"

"पण तुमची आई तर तिकडं माहेरी."

"म्हणून तर ओवीत सांगायचं! समोर असती तर बोलले नसते का?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. माझी आई २०१४ साली गेली. आणि माझी वही बंद पडली तीही त्याच वर्षी. हा हिशेब मी आजवर मांडलाच नव्हता. गाणं जुळलं की मी पहिल्यांदा आईला फोन करायची. "म्हण बघू," ती म्हणायची आणि ऐकून झालं की लगेच चूक काढायची, "दुसऱ्या ओळीत दम लागतो गं." ती गेल्यावर मला वाटलं, गाणी आटली. खरं तर ऐकणारं माणूस गेलं होतं.

तुमचं थांबलेलं गाणं असंच तपासून पाहा. ते कधी थांबलं, आणि त्या सुमाराला तुमच्या आयुष्यातून कोण किंवा काय गेलं? बदलीमुळं सुटलेली शेजारीण असेल, मोडलेलं भजनी मंडळ असेल, नाहीतर कुणीतरी एकदा चारचौघांत केलेली चेष्टा असेल. कारण सापडलं की निम्मं काम झालं.

ओव्या कुठून आल्या?

जात्यावरच्या ओवीचा विचार केलात तर एक गंमत दिसेल. त्या बायकांना ना वही होती, ना शांतता, ना मोकळा वेळ. पहाटे उठून पायलीभर दळायचं, हाताला घट्टे पडायचे. पण जात्याच्या फेऱ्यानं त्यांना ताल दिला होता आणि ओवीला पत्ता होता. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला. सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊबिजेला न आलेला भाऊ, सगळं त्या तालावर सांगितलं जाई.

या ओव्या किती असाव्यात? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत हिंडून त्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला! ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. रचणाऱ्या सगळ्या साध्या खेड्यातल्या बायका. त्यांतली एकही ‘मी कवयित्री आहे’ असं म्हणत नव्हती.

आणि आपल्या बहिणाबाई चौधरी! जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्म. अक्षरओळख नाही, वैधव्य लवकर आलेलं, घरचं आणि शेतातलं काम संपता संपत नाही. त्या कामातच त्यांची गाणी होत गेली. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपानं आली. घरोटं, चूल, मोट, शेत हेच त्यांचे विषय. तुमच्या-माझ्या घरात चुलीच्या जागी गॅस आला, पाट्याच्या जागी मिक्सर आला. पण दूध उतू जायचं काही थांबलेलं नाही, आणि मनातलं सांगायचंही राहून जातंच.

तारीख ठरवा, चाल उसनी घ्या

"अहो, पण त्या जात्याच थोर. आपल्याला स्फूर्ती यायला नको का?" असं म्हणाल. तर गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. दर आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळं ती ५६ गाणी झाली. माडगूळकरांची प्रतिभा मोठीच, पण आठवडा काही कुणासाठी थांबत नाही. वार आला की गाणं हजर हवं. ठरलेल्या दिवसाचा धाक हासुद्धा स्फूर्तीचा सख्खा भाऊ आहे!

दुसरं उदाहरण शांता शेळके यांचं. स्वतंत्र कविता तर त्यांनी लिहिलीच, पण संगीतकारानं आधी बांधलेल्या चालीवरही शब्द बसवले. चाल तयार असली की कोऱ्या कागदाची भीती निम्मी होते, कारण पुढचा शब्द किती लांबीचा हवा ते ती चालच सांगते. आणि याच शांताबाईंनी काही गाणी ‘डॉ. वसंत अवसरे’ या टोपणनावानं लिहिली. तेव्हा स्वतःच्या नावाचा संकोच वाटत असेल तर तुम्हीही खुशाल एखादं नाव घ्या की!

आता करून पाहा

पहिलं म्हणजे, एक माणूस ठरवा. ‘सगळ्यांना आवडेल असं’ गाणं लिहायला बसू नका. परगावी शिकणाऱ्या मुलीला, रुसलेल्या जावेला, नाहीतर माझ्यासारखं गेलेल्या माणसाला काही सांगायचं राहिलं असेल ते सांगा.

दुसरं, हात कामात असू द्या. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, मशीनमधले कपडे झटकून वाळत घालताना ओळ फिरवत राहा. जमली की मोबाइलवर म्हणून ठेवा. लिहिणं मागाहून.

तिसरं, सोपं माप घ्या. भोंडल्याच्या गाण्यांसारखी साखळी घ्या, एका ओळीतून दुसरी निघते. किंवा अभंगाचं माप घ्या. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं. एवढंच व्याकरण पुरे.

चौथं, तारीख ठरवा आणि ती कुणाला तरी सांगून टाका. "येत्या गुरुवारी तुला एक गाणं ऐकवणार आहे" असं मैत्रिणीला सांगितलंत की सुटका नाही.

पाचवं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पहिली दहा गाणी वाईट होतील, ती होऊ द्या. बरेच दिवस न वापरलेल्या नळाचं पाणी आधी गढूळच येतं. म्हणून काही आपण नळ बंद करत नाही.

माझं काय झालं?

सासूबाईंशी बोलणं झालं त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दोरीवर कपडे वाळत होते आणि एकाएकी आभाळ भरून आलं. माझी आई आमच्याकडं राहायला आली की असं झालं रे झालं, स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "अगं, धुणं काढ!" मी गच्चीवर धावले, हातात ओल्या चादरी, आणि तोंडातून आपोआप निघालं:

दारी वाळे धुणं
आभाळ दाटलं
मला गं वाटलं
आई आली

सहा, सहा, सहा, चार. मी अक्षरं बोटांवर मोजली आणि तिथंच कठड्याला टेकून रडले. चादरी भिजल्या त्या भिजल्याच.

ती ओळ काही फार मोठी नाही, मला ठाऊक आहे. संध्याकाळी सासूबाईंना म्हणून दाखवली. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरी आहे. पुढचं कडवं कुठाय?" अगदी माझ्या आईसारखं! पुढची सहा कडवी महिन्याभरात झाली. नणंदेच्या मुलीचा पाळणा मात्र तिच्या पहिल्या वाढदिवसाला तयार झाला. बाळ चालायला लागलं होतं, पाळण्यात राहायला तयार नव्हतं. तरी मी तो म्हटला. या वेळी नणंद काही बोलली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मुलीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

तेव्हा आज दुपारी, मागचं आवरून झालं की ती वही काढा बरं. जुनी गाणी वाचत बसू नका, नाहीतर दुपार तशीच जाईल. सरळ कोरं पान उघडा, वर आजची तारीख घाला आणि तिच्याखाली एका माणसाचं नाव लिहा. त्या माणसाला काय सांगायचं राहिलंय, ते तुम्हाला ठाऊक आहेच.