पोर आळशी नाही, त्याला रक्त कमी आहे

मागे एका रविवारी आम्ही वस्तीत घरोघर फिरत होतो. एका घरी तीन वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. समोर चहा-बिस्किट. "दादा, हा खेळतच नाही. नुसता बसून राहतो नाहीतर माती खातो. फार आळशी," त्याची आई म्हणाली. आम्ही त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. सरकारी दवाखान्यात नेले तर हिमोग्लोबिन 8 निघाले. या वयात ते निदान 11 हवे.

हे एकाच घरचे दुखणे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांत रक्त कमी आढळले. म्हणजे तीनात दोन मुले! लोहाची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण. अशा मुलाची भूक मरते, ते चिडचिड करते, त्याचे लक्ष लागत नाही. पुढे शाळेत त्यालाच 'मठ्ठ' म्हणतात.

म्हणून भगिनींनो, आधी मुलाचा चहा बंद करा. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. नुसत्या दुधावरही त्याचे पोट भरू नका. सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधाबरोबर मऊ वरण, नाचणी, माठ, मटकी सुरू करा. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. घरी मटण आले तर कलेजीचा मऊ तुकडा पहिल्यांदा लेकराला द्या.

रक्त फार उतरले असेल तर आहाराबरोबर औषधही लागते. त्याचा डोस डॉक्टरच ठरवतील. एरवी रक्त कमी होऊ नये म्हणून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचे पातळ औषध द्यायचे असते. ते अंगणवाडीत, आशाताईंकडे फुकट मिळते. त्याने शौच काळी होते. घाबरून औषध सोडू नका. बाटली मात्र मुलाच्या हाती लागू देऊ नका, जास्त पोटात गेले तर जिवावर बेतते. जंताची गोळीही वेळेवर द्या. औषध घेऊनही रक्त वाढत नसेल, तर विशेषतः विदर्भातल्या आपल्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

त्या मुलाला तीन महिने औषध चालले. परवा आम्ही गेलो तर तो घरात सापडेना. गल्लीत चेंडूमागे धावत होता.